पळस ते बहावा: उन्हाळ्यात टेकडीवर काय पाहावं, कसं पाहावं

डिसेंबर-जानेवारीत भिगवणला जाऊन रोहित पाहून झाले की पुण्यातल्या बऱ्याच जणांची दुर्बीण कपाटात जाते. ती बाहेर येते थेट पावसाळा सरताना, कासला निघायच्या वेळी. मधले महिने म्हणजे ऊन, धूळ आणि वाळकं गवत, त्यात काय बघायचं, असा एक पक्का समज आहे. खरं तर होळीपासून वैशाखापर्यंत टेकडीवर जितकं सहज दिसतं तितकं एरवी क्वचितच दिसतं. बऱ्याच झाडांनी पानं गाळलेली असतात, त्यामुळे फांदीवरचा पक्षी लपत नाही. पाणी मोजक्या जागी उरलेलं असतं, म्हणून सगळ्यांना तिथे यावंच लागतं. शिवाय आपल्याकडच्या कितीतरी रहिवासी पक्ष्यांची वीण याच दिवसांत सुरू होते, त्यामुळे त्यांचं गाणं, भांडणं, काड्या गोळा करणं सगळं उघड्यावर चालतं.

फक्त पाहायची रीत बदलावी लागते. नवखा माणूस दोन तासांत अख्खी टेकडी पालथी घालतो आणि ‘काही दिसलं नाही’ म्हणत खाली उतरतो. उन्हाळ्यात चालणं कमी आणि बसणं जास्त. एक फुललेलं झाड, एक पाणवठा आणि एक उभा मातीचा काठ, एवढ्या तीन जागा हाताशी असल्या की पुढचे अडीच महिने पुरतात. पुढचं सगळं मी पुण्याची वेताळ टेकडी डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, पण तुमच्या गावाबाहेरच्या माळाला, ओढ्याला किंवा देवराईलाही यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी जागा

घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल अशीच जागा निवडा. लांबचं अभयारण्य वर्षातून एकदा होतं. जवळची टेकडी दर आठवड्याला होते, आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला चित्र बदलतं. वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. चतुःशृंगी, गोखलेनगर, लॉ कॉलेज रस्ता, पंचवटी, पौड रस्ता अशा कुठल्याही बाजूने वर जाता येतं. वर दगडाची एक जुनी खाण आहे, तिच्यात पाणी साठतं. दक्षिण पुण्यातल्यांना तळजाई आणि पाचगाव-पर्वती जवळ. मुंबईकरांकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, नागपूरकरांकडे अंबाझरी आणि गोरेवाडा, नाशिककरांकडे पांडवलेण्याचा डोंगर.

पहिली फेरी पक्षी पाहायला नाही, जागा हेरायला करा, तीही संध्याकाळी आरामात. कुठलं झाड फुलायच्या बेतात आहे, पाणी कुठे उरलंय, रस्त्यासाठी कापलेली दरड किंवा ओढ्याची उभी मातीची भिंत कुठे आहे, एवढंच बघायचं. टेकडीच्या मागच्या अंगाला एखादा गुराखी किंवा मेंढ्या घेऊन आलेला धनगर भेटला तर थांबा. “मामा, गुरं पाण्याला कुठं नेता?” या एका प्रश्नाला जे उत्तर मिळेल ते कुठल्याही नकाशात नसतं. मामा बोलायच्या मूडमध्ये असले तर लांडोर कुठल्या झुडपात शिरते आणि ससा कुठून उठतो हेही कळतं. मात्र त्यांना साप दाखवा, घरटं दाखवा असा आग्रह धरू नका. त्यांचं काम चालू असतं.

वेळ

पुण्यात एप्रिलच्या मध्याला सूर्य साधारण सव्वासहाला उगवतो, मेच्या मध्याला सहाच्या सुमारास. उजाडताना तुम्ही आपल्या झाडापाशी पोचलेले हवेत, टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावत असलेले नव्हेत. सहा ते साडेआठ हा खरा काळ. नऊनंतर पक्षी सावलीला जातात, तुम्हीही जा. संध्याकाळी पाच ते सूर्यास्त ही दुसरी वेळ; ती पाणवठ्यासाठी चांगली, गाण्यासाठी नाही. विदर्भ-मराठवाड्यात सकाळ आणखी आखूड असते, साडेसातलाच आवरायला लागा.

वनखात्याच्या ताब्यातल्या टेकड्यांवर फाटकापाशी वेळेची पाटी असते, ती वाचा आणि पाळा. अंधारात एकटं रेंगाळू नका. पुण्या-मुंबईच्या कडेला बिबट्या आता नवलाचा राहिलेला नाही.

सोबत काय घ्यावं

बंद बूट, फिक्या मातकट रंगाचे सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, माणशी दोन लिटर पाणी. मीठ-साखर-लिंबू किंवा कोकम सरबताची बाटली असली तर उत्तम. अत्तर, डिओडरंट, सुवासिक तेल घरीच ठेवा. कारण पुढे मोहोळांच्या भागात येईल.

दुर्बीण लगेच विकत घेऊ नका. पहिला महिनाभर कुणाची तरी मागून वापरा. घ्यायची झालीच तर ८×४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पटीने जवळ दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १०×५० किंवा त्याहून मोठी पुढे करतो, ‘यातून लांबचं दिसेल’ म्हणतो. पण ती जड असते, हात थरथरतो, आणि झाडावर उड्या मारणारा पक्षी तिच्यात सापडेपर्यंत उडून गेलेला असतो. वापरताना आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरा, नजर तशीच ठेवून दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. दुर्बिणीतून पक्षी शोधत बसाल तर सकाळ संपेल.

झाडाखालचं बसणं

उन्हाळी निरीक्षणाचा सगळ्यात मोठा भाग इथे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

फेब्रुवारी संपता संपता काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात. तिन्ही झाडं त्या वेळी बहुतेक निष्पर्ण असतात, तिन्हींची फुलं लाल-केशरी आणि मधाने भरलेली. माळावर दुसरीकडे फारसं खायला नसताना एवढी मोठी पंगत मांडली गेल्यावर पाहुणे ठरलेलेच. झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर, सूर्य पाठीशी येईल असे बसा. पहिली दहा मिनिटं काही होत नाही. त्यानंतर एकेक जण परत येऊ लागतो.

शिंजीर सगळ्यांत आधी दिसेल, म्हणजे ऐकू येईल. जांभळ्या शिंजिराचा नर या दिवसांत पूर्ण चकाकत असतो. सावलीत काळा, उन्हात निळा-जांभळा. वीण सरली की हा रंग उतरतो आणि छातीवर एक गडद पट्टा तेवढा उरतो, म्हणून त्याला ओळखायचं तर हेच महिने. मग साळुंक्या, भांगपाडी मैना, लालबुड्या बुलबुल, कोतवाल, पोपट, खारी. पोपट फूल तोडून खाली टाकतो, शिंजीर चोच आत घालतो, साळुंकी अख्खं डोकं घालते आणि कपाळाला परागांचा पिवळा टिळा लावून बाहेर येते. कोण कसं खातं एवढं जरी अर्धा तास पाहिलंत तरी नावं आपोआप लक्षात राहतात, कारण प्रत्येक नावाला एक वागणं चिकटतं. कोतवालाकडे खास लक्ष ठेवा. तो मध पितो तसाच फुलांवर आलेल्या माश्याही टिपतो, आणि मधूनच इतरांना हुसकावतो.

मार्चच्या मध्यापर्यंत सावरीवर आणि पळसावर भोरड्यांचे थवेही भेटतात. गुलाबी अंग, काळं डोकं, प्रचंड कलकलाट. हे हिवाळी पाहुणे असून एप्रिलच्या सुमारास ते मध्य आशियाच्या दिशेने परततात. तुमच्या झाडावरून भोरड्या शेवटच्या कधी दिसल्या ती तारीख वहीत नक्की टाका.

खडकाळ उतारावर सोनसावर दिसली तर थांबा. एकही पान नाही आणि मोठी पिवळीधमक फुलं. कुसुंबाची लाल पालवी मार्चमध्ये येते आणि लांबून पाहणाऱ्याला फुलंच वाटतात. पिंपळाची तांबूस पालवी, वावळाच्या चपट्या, कागदी फळांचे झुबके, पाडव्याच्या आगेमागे कडुलिंबाचा मोहोर हे सगळं याच ओघात.

पुण्याच्या टेकड्यांवर गुलाबी फुलांनी लगडलेलं जे झाड सगळीकडे दिसतं ते गिरिपुष्प, खेड्यात त्याला उंदीरमारी म्हणतात. ते मध्य अमेरिकेकडचं, वनीकरणासाठी लावलेलं. फोटोला छान दिसतं, शिंजीर येतातही, पण जेवढा वेळ त्याच्याखाली घालवाल तेवढा एखाद्या एकट्या पळसाखाली घालवलात तर दुप्पट दिसेल, असं माझं मत आहे.

एप्रिल उजाडला की मधाची झाडं सरतात आणि फळांची पाळी येते. आता वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक शोधा. या कुळातल्या झाडांचं वेळापत्रक एकसारखं नसतं. शेजारच्या दोन वडांपैकी एक फळांनी लाल झालेला आणि दुसरा रिकामा असू शकतो. त्यामुळे आपल्या भागातल्या पाच-सहा झाडांवर नजर ठेवावी लागते. एकदा फळं पिकली की तांबट, कोकीळ, हळद्या, बुलबुल आणि नशीब असेल तर हरियाल. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी, पण पाहिलेले लोक कमी, कारण पिवळ्या पायांचं हे हिरवं कबूतर पानांत हलत नाही. वडाखाली उभं राहून वर पाहत बसण्यापेक्षा खाली फळं पडण्याचा टपटप आवाज कुठून येतोय ते ऐका आणि त्या फांदीकडे दुर्बीण लावा.

आणि मग बहावा. एप्रिलच्या शेवटी, मेमध्ये पिवळे घोस लटकतात. बहावा फुलला की दीडेक महिन्यात पाऊस, असं गावोगावी सांगतात. शहरात पाणी मिळणाऱ्या बागेतला बहावा आणि टेकडीवरचा बहावा एकाच दिवशी फुलत नाहीत, तेव्हा या आडाख्यावर पैज लावू नका. दोन्हीच्या तारखा लिहून ठेवा आणि जूनमध्ये स्वतः ताळा करा. त्याच सुमारास ताम्हण फुलते, आपलं राज्यफूल.

पाणवठा

इथे नियम एकच: पाण्यापासून निदान पंचवीस मीटर दूर, झुडपाच्या आडोशाला, आणि पाण्याकडे येणारी वाट मोकळी सोडून बसायचं. प्राण्या-पक्ष्यांना उन्हाळ्यात दुसरं पाणी नसतं. तुम्ही काठावर तासभर बसलात तर तेवढा वेळ कुणीतरी तहानलेलं झुडपात ताटकळत असतं.

पक्षी प्यायला कसे येतात ते पाहण्यासारखं असतं. बुलबुल आणि साळुंक्या थेट उतरतात. मुनिया घोळक्याने येतात, आधी जवळच्या काटेरी झुडपावर, मग एक उतरते, मग सगळ्या. लांडोरी दोन पावलं येतात, मान वर करून थांबतात, पुन्हा दोन पावलं. मुंगूस मात्र आपलंच घर असल्यासारखं येतं. पाण्यावर झाडांची सावली असेल, म्हणजे ओढ्यातलं डबकं असेल, तर स्वर्गीय नर्तकाची आशा धरा. पांढराशुभ्र, काळ्या डोक्याचा आणि लांबलचक शेपटीचा नर फांदीवरून पाण्यात सूर मारतो, अंग भिजवतो आणि परत त्याच फांदीवर जाऊन पंख साफ करतो. मादी आणि तरुण नर तांबूस असतात. तो वेगळा पक्षी समजू नका.

सिंहगडाच्या पायथ्याची आतकरवाडीकडची दरी यासाठी पुण्यात प्रसिद्ध आहे, आणि म्हणूनच सुट्टीच्या दिवशी तिथे पक्ष्यांपेक्षा कॅमेरे जास्त असतात. जायचं तर मधल्या वारी जा. पाण्याजवळ दाणे टाकून, फांद्या खोचून पक्ष्याला ‘फोटोच्या जागी’ आणण्याचे प्रकार चालतात. त्यात सामील होऊ नका. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं तर विणीच्या काळात सरळ छळ आहे. नर बिचारा प्रतिस्पर्धी आला समजून घरटं सोडून धावत येतो.

काठ, जमीन आणि ढोली

मातीच्या उभ्या दरडीत मनगट जाईल-न जाईल एवढी भोकं दिसली तर ती बहुधा वेड्या राघूची. हिरवा, बारीक, शेपटीतून दोन तारा निघालेल्या; तारेवर बसून माश्या, चतुर टिपणारा. फेब्रुवारी-मार्चपासून तो दरडीत आडवं बीळ खणतो, कधी मीटरभर, कधी त्याहून खोल. या पक्ष्यावर पुण्यातच एक सुरेख अभ्यास झालाय. डॉ. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या या कामात असं दिसलं की माणूस जर बिळाचं तोंड दिसेल अशा जागी असेल तर राघू आत जायचं टाळतो. पण माणूस जवळपासच, मात्र बीळ न दिसणाऱ्या ठिकाणी असेल तर तो बराच निर्धास्त आत जातो. समोरच्याला काय दिसतंय याचा अंदाज तो घेतो म्हणायचा.

नवख्यासाठी यातून निघणारी गोष्ट अगदी कामाची आहे. चोचीत चतुर धरून राघू तारेवर बसलाय, मान हलवतोय, आणि पाच मिनिटं झाली तरी जात नाही, म्हणजे अडचण तुम्ही आहात. उठा आणि दरडीच्या बाजूला, भोक दिसणार नाही अशा ठिकाणी सरका.

माळावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की जागच्या जागी थांबा आणि पायाशी पाहा. तिचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवर चार-दोन खडे आणि साधारण चार ठिपकेदार अंडी. एका पावलात चुरा होतील अशी मिसळलेली. आलात त्याच पावलांनी मागे जा. लांबून पाहिलंत तर कडक दुपारी टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, हे दिसू शकतं. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त, हा शेतकऱ्यांचा आडाखा तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच.

शहरातल्या जुन्या, मोठ्या झाडांत राखी धनेश घरटं करतो. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा व चिखलाने तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवून. आत ती पंखांची पिसंही गाळते, म्हणजे उडता येत नाही. त्या काळात तिचं आणि पुढे पिलांचंही खाणं नराच्या फेऱ्यांवर अवलंबून. नर घशात फळं साठवून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून देतो. असं झाड सापडलं तर आनंद करा, पण त्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. नराच्या चार फेऱ्या चुकल्या तर आतली उपाशी राहते. सगळ्याच घरट्यांना हेच लागू: पाच मिनिटं पाहा, पुढे चला, फांद्या बाजूला करू नका. अंडी किंवा घरट्याला हात लावणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाही ठरू शकतो.

कानांनी ओळखा

सुरुवातीला चार आवाज पुरे. तांबटाचं ‘टुक टुक टुक’, भर उन्हातही न थांबणारं. दयाळाची पहाटेची शीळ, तारेच्या किंवा गच्चीच्या टोकावरून. कोकिळेचं म्हणून जे ‘कुहू’ आपण ऐकतो ते नराचं, तो काळाभोर आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि ती ‘किक-किक-किक’ असा कर्कश गलका करते. कावळ्यांचं घरटं बांधणं सुरू झालं की ही जोडी त्या झाडाभोवती घोटाळताना दिसेल. चौथा पावशा, ‘पेरते व्हा, पेरते व्हा’, त्याचा जोर मेपासून वाढतो.

मर्लिन हे ॲप आवाजावरून नाव सुचवतं. वापरा, पण त्याने सुचवलेला पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत लिहू नका.

पायाखाली

मुलं बरोबर असतील तर इथूनच सुरुवात करा, कारण यातलं काही उडून जात नाही. वाटेवरच्या फुफाट्यात पहाटेचे ठसे स्वच्छ उमटतात: लांडोरीची तीन बोटं, मुंगसाचे इवले पंजे, सापाच्या सरपटण्याची रेघ. खुरट्या गवतात सशाच्या गोल सुक्या लेंड्या. सपाट दगडावर बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर रात्री तिथून उदमांजर गेलंय.

भिंतीच्या किंवा दगडाच्या आडोशाला मऊ मातीत रुपयाएवढे उलट्या शंकूसारखे खड्डे असतात. तळाशी मुंगीसिंहाची अळी जबडे उघडून दबा धरून बसलेली असते. कडेवरून मुंगी घसरली की ती खालून माती उडवते आणि मुंगी आणखी खाली जाते. पाऊस लागला की हे खड्डे मोडतात, म्हणून हा उन्हाळ्यातलाच खेळ.

सरड्याचा नर एप्रिल-मेमध्ये डोक्या-गळ्याशी लालभडक होऊन कुंपणावर दंड काढत बसतो. आणि एक दिवस मोकळा काढता आला तर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जा, पवनचक्क्यांखाली. तिथे सरडा सुपर्बा या जातीचे नर छोट्या दगडांवर उभे राहून गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतात. पाहणाऱ्याला खरं वाटत नाही इतका भडक. २०१६ साली ही जात शास्त्राला नव्याने कळली. सकाळी आठ ते दहा ही वेळ बरी. गाडी डांबरी रस्ता सोडून पठारावर घालू नका, हे सरडे आणि त्यांची पिल्लं टायरखाली येतात.

जपायचं कशाला

सापांची भीती सगळ्यांना असते, आग्या मोहोळाची नसते. व्हायला पाहिजे उलट. उंच झाडांवर, कड्यांवर, किल्ल्यांच्या कमानींखाली लोंबणारी ही मोठी पोळी उन्हाळ्यात सहज दिसतात. धूर, उग्र वास, दगड, मोठा आवाज यांनी माश्या उठतात. पोळं दिसलं की बोलणं बंद करून लांबून वळसा घाला. माश्या उठल्याच तर हातवारे न करता चेहरा झाकून पळा आणि गाडीत किंवा खोलीत शिरा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर थांबतात.

सापांसाठी बंद बूट, आणि दगड न उचलण्याची सवय पुरेशी आहे. खडकाळ पठारावर, विशेषतः कोकणात आणि साताऱ्याकडे, फुरसं दगडाखाली असतं. दंश झालाच तर आवळपट्टी, चिरा, तोंडाने ओढणं यातलं काहीही न करता तो अवयव स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा.

विदर्भात मोह फुलण्याच्या दिवसांत पहाटे मोहाच्या झाडाखाली हौसेने जाऊ नका. फुलं वेचायला गावकरी येतात तशी अस्वलंही येतात.

डोकं दुखणं, मळमळ, घाम थांबणं ही ऊन लागल्याची लक्षणं. सावली, ओलं फडकं, घोटघोट पाणी, आणि उतरती वाट. गुंगी आली किंवा बोलणं असंबद्ध झालं तर थेट डॉक्टर. टेकडीवर धूर दिसला तर १०१ किंवा वनखात्याच्या १९२६ वर कळवा. वणवे बहुतेक माणसांच्याच हातून लागतात आणि जमिनीवर अंडी घालणारे सगळे त्यात जातात.

वही

तारीख, वेळ, जागा, कोणतं झाड, त्यावर कोण, काय करत होतं. एवढं लिहा. ‘सुंदर पक्षी दिसला’ या नोंदीचा पुढच्या वर्षी काही उपयोग होत नाही. ‘१८ मार्च, खाणीजवळचा पळस, भोरड्या तीसेक, साळुंक्यांशी भांडण’ हिचा होतो. नाव माहीत नसेल तर आकार (चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा), चोच आणि शेपटी टिपा, रंग शेवटी. उन्हात रंग फसवतात.

नोंदी जमल्या की ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात. मे महिन्यातल्या एका शनिवारी तिथे जगभरातून एकाच दिवसाच्या याद्या जमवल्या जातात, तुमच्या टेकडीचीही त्यात घाला. झाडांची आवड असेल तर सीझनवॉच या भारतीय उपक्रमात एक झाड नोंदवून दर आठवड्याला त्याची पालवी, फुलं, फळं कळवता येतात. पाच मिनिटांचं काम आहे, आणि दारातल्या आंब्यालाही चालतं.

मेच्या पुढे

वैशाखी पौर्णिमेला वनखातं राज्यातल्या अनेक व्याघ्रप्रकल्पांत आणि अभयारण्यांत पाणवठ्यांवर रात्रभर मचाणावरून प्राण्यांची नोंद घेतं. ‘निसर्गानुभव’ नावाने यात सामान्य लोकांनाही शुल्क भरून भाग घेता येतो. जागा मोजक्या असतात, त्यामुळे एप्रिलपासूनच वनखात्याच्या घोषणांवर लक्ष ठेवा. रात्रभर गप्प बसायची तयारी असेल तरच जा; पाणवठ्यावर तीन तास काहीही न येणं हे अगदी नेहमीचं आहे.

मेच्या अखेरीस वळवाची एखादी सर झाली की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागात काजवे सुरू होतात. तिथे गाडीचे दिवे आणि मोबाइलचे टॉर्च बंद ठेवावे लागतात, नाहीतर काजव्यांचं लुकलुकणं विस्कटतं. त्याच सुमारास टेकडीवरच्या दाट झाडीत पहाटे दोन सुरांची जोरकस शीळ ऐकू आली तर तो नवरंग, दक्षिणेतला हिवाळा संपवून विणीसाठी आलेला. तो जमिनीवर पालापाचोळ्यात असतो, तेव्हा वर न पाहता झाडांच्या बुंध्यांमध्ये पाहा, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून निदान एक सकाळ त्याच्यासाठी राखून ठेवा.